अणुवीज प्रकल्पात एवढं चेकिंग असतं, मग चुका सुटतात कशा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन वर्षं फ्लायओव्हरच्या कामावर क्यूसी (गुणवत्ता तपासणी) इंजिनियर म्हणून काढलेला एक मुलगा आता अणुवीज प्रकल्पाच्या साइटवर जॉइन होतोय आणि तो विचारतोय की फ्रान्समधलं फ्लामानव्हिल, फिनलंडमधलं ओल्किलुओतो, असल्या ठिकाणी इतके कडक नियम असताना वेल्डिंगमध्ये आणि काँक्रीटमध्ये एवढ्या चुका राहिल्या कशा, तपासणी खरंच होते की नुसत्या सह्या होतात. घर रत्नागिरीचं, त्यामुळे घरचे जैतापूरचं नाव काढून रोज हेच विचारतात असंही त्याने लिहिलंय.

वयाने बराच लहान आहेस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस. मी ३१ वर्षं सिव्हिलच्या क्यूएक्यूसीत काढली, त्यातली निम्म्याहून जास्त न्यूक्लियर कामांवर. साइटची नावं घेणार नाही, पण जे बघितलं ते सांगतो, आणि जे जगजाहीर आहे ते नावानिशी सांगतो.

आधी उत्तर सांगून टाकतो. तपासणी होते, खरी होते, आणि बहुतेक वेळा चूक कोणाला तरी दिसलेली पण असते. माझ्या अनुभवात अजिबात कोणालाच न दिसलेली चूक फार कमी वेळा निघाली. अडतं कुठे, तर ज्याला दिसली त्याच्यापासून ज्याच्या हातात काम थांबवायचा अधिकार आहे त्याच्यापर्यंत ती पोचत नाही, किंवा पोचते तोपर्यंत काँक्रीट सेट झालेलं असतं, पाइप भिंतीत गेलेला असतो, आणि मग थांबवण्याची किंमत इतकी वाढलेली असते की सगळेच जण "चालेल का बघू" म्हणायला लागतात.

एक माझीच गोष्ट सांगतो. एका साइटवर जाड भिंतीचा पोअर, म्हणजे काँक्रीट ओतायचं काम होतं, रात्रीचं, साधारण दीडशे क्यूबिक मीटर. न्यूक्लियर बिल्डिंगमध्ये सळईची दाटी किती असते ते तुला फ्लायओव्हरवरून अंदाज येणार नाही, ३२ आणि ३६ एमएमच्या सळया दोन-दोन थरात, त्यात लॅप (सळईला सळईचा जोड) आलेले, त्यात स्लीव्ह (पाइप जाण्यासाठी भिंतीत सोडलेली नळी), एम्बेडेड प्लेट, तिच्या मागचे अँकर, हात घालायला जागा नसते. संध्याकाळी सहाला मी पोअर कार्डवर, म्हणजे ओतण्याआधीच्या तपासणीच्या कागदावर, सही केली. सळई ड्रॉइंगप्रमाणे होती, कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) बरोबर, शटरिंग घट्ट, सफाई झालेली, कार्डवर जे जे विचारलं होतं ते सगळं बरोबर होतं. रात्री अकराच्या सुमाराला व्हायब्रेटरवरचा एक पोरगा मुकादमाला म्हणाला की त्या मोठ्या स्लीव्हच्या खाली नीडल (काँक्रीट हलवून बसवणारी व्हायब्रेटरची दांडी) जातच नाहीये. मुकादमाने शिफ्ट इंजिनियरला सांगितलं. मागे रांगेत सहा ट्रान्झिट मिक्सर उभे, बॅचिंग प्लांट चालू, थांबलं तर कोल्ड जॉइंट (जुन्या-नव्या काँक्रीटमधला कच्चा सांधा) येणार, म्हणून तो म्हणाला शटरला बाहेरून मार जरा, उतरेल. सात दिवसांनी शटर काढलं तर स्लीव्हच्या खाली हनीकोंब, म्हणजे पोकळ राहिलेलं काँक्रीट, बाहेरून हाताएवढाच दिसत होता, पण हातोडीने वाजवत गेलो तर पोकळ आवाज पुढे पुढे सरकतच गेला. चिपिंग केलं तेव्हा आतली सळई उघडी पडली. एनसीआर (चुकीची लेखी नोंद), रिपेअर प्रोसिजर, डिझाइनची मंजुरी, मायक्रो काँक्रीट, परत यूटी (अल्ट्रासोनिक तपासणी), या सगळ्यात पाच आठवडे गेले.

आता यात चूक कोणाची? शिफ्ट इंजिनियरची असं सगळे म्हणाले. मी पण तेव्हा तसंच म्हणालो. पण खरं सांगायचं तर संध्याकाळी सहालाच त्या स्लीव्हखाली नीडल जाणार नाही हे दिसत होतं, फक्त कार्डवर तो प्रश्नच नव्हता. त्या कोपऱ्यात ६० एमएमची नीडल जाईल का, हे मी वर चढून एकदा घालून बघितलं असतं तर एक सळई सरकवायची परवानगी मागून काम दोन तासात सुटलं असतं. ही गोष्ट मला आजही टोचते. आणि जगातल्या मोठमोठ्या प्रकरणांचे रिपोर्ट वाचताना मला प्रत्येक वेळी तो मुकादम आठवतो.

फ्लामानव्हिल घे. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर, तिसरं युनिट, ईपीआर या नव्या पिढीच्या अणुभट्टीच्या डिझाइनचं. डिसेंबर २००७ मध्ये काम सुरू झालं, २०१२ ला वीज द्यायची होती, खर्च ३.३ अब्ज युरो धरला होता. प्रत्यक्षात ग्रिडला जोडलं गेलं २१ डिसेंबर २०२४ ला आणि खर्च १३.२ अब्जांवर गेला. बारा वर्षं उशीर. या बारा वर्षांत बरंच काय काय झालं, २००८ मध्ये तर पायाच्या सळईकामातल्या चुकांमुळे तिथल्या नियामकाने म्हणजे एएसएनने काही आठवडे काँक्रीटिंगच थांबवलं होतं. पण मला सगळ्यात जास्त शिकवण्यासारखं प्रकरण वाटतं ते मेन स्टीम लाइनच्या वेल्डचं, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो.

स्टीम जनरेटरकडून टर्बाइनकडे वाफ नेणारे जे जाड पाइप असतात, ते फुटले तर काय होईल याचा हिशोब साधारणपणे करावा लागतो, पाइप फटका मारेल म्हणून त्याला अडवणारे सपोर्ट द्यावे लागतात वगैरे. ईडीएफने, म्हणजे प्लांटची मालक असलेल्या फ्रान्सच्या वीज कंपनीने, ठरवलं की आपण हे पाइप इतक्या उच्च दर्जाचे बनवू की ते फुटण्याची शक्यताच धरायची नाही. तिकडे याला 'फुटणं वगळलेलं' अशा अर्थाचा शब्द आहे. डिझाइन म्हणून यात काही गैर नाही. पण याचा अर्थ असा की या वेल्डना नेहमीच्या प्रेशर कोडपेक्षा वरचा दर्जा पाहिजे, मटेरियलची टफनेस (न तुटता धक्का सोसण्याची ताकद) जास्त, तपासणी जास्त. सगळ्या सेफ्टी केसचा, म्हणजे प्लांट सुरक्षित आहे या मांडणीचा, भार त्या एका आश्वासनावर उभा.

आणि हा जास्तीचा दर्जा पाहिजे हे वेल्डिंग करणाऱ्या उपकंत्राटदारांपर्यंत नीट पोचलंच नाही. त्यांनी नेहमीच्या नियमांप्रमाणे वेल्ड केले. म्हणजे बघ, वेल्डर त्याच्या हातातल्या डब्ल्यूपीएसप्रमाणे (वेल्ड कसा करायचा त्याचा लेखी कागद) काम करतोय, इन्स्पेक्टर त्याच्या हातातल्या निकषाप्रमाणे पास करतोय, फाइल पूर्ण, सह्या पूर्ण, आणि तरी वेल्ड चुकीचा, कारण निकषच अर्ध्या वाटेत गळून पडलेला. हे ईडीएफच्या लक्षात आलं २०१५ मध्ये, आणि एएसएनला कळवलं २०१७ च्या सुरुवातीला. ही मधली दोन वर्षं मला फार लागतात. त्या काळात पाइप बसवायचं काम चालूच होतं. पुढे २०१८ मध्ये चालू करण्याआधीची संपूर्ण अल्ट्रासोनिक तपासणी झाली तेव्हा तर असे वेल्ड निघाले जे साध्या नियमातही बसत नव्हते आणि कारखाना-साइटच्या तपासणीत ते पास झाले होते. पन्नासहून जास्त वेल्ड दुरुस्तीला काढावे लागले.

त्यातले आठ वेल्ड सगळ्यात अवघड जागी होते, कंटेनमेंटच्या, म्हणजे अणुभट्टीभोवतीच्या काँक्रीटच्या कवचाच्या, आतल्या आणि बाहेरच्या भिंतीच्या मधल्या जागेत, जिथे पाइप भिंत ओलांडतो. ईडीएफचं म्हणणं होतं की आधी प्लांट सुरू करू, हे आठ नंतर २०२४ च्या सुमाराला बघू. एएसएनने जून २०१९ मध्ये नाही म्हणून सांगितलं, आधी दुरुस्त करा मग चालू करा. मग लांबून चालवायचे रोबोट आणून पाइपच्या आतून ते वेल्ड काढून परत करावे लागले, त्या निर्णयाने खर्चात दीड अब्ज युरोची भर पडली. आठ वेल्ड! जे पाइप भिंतीत जायच्या आधी, मोकळ्या शेडमध्ये, परत करायला सांगितले असते तर काही आठवड्यांचं काम होतं. हेच ते, माझ्या स्लीव्हखालचं दोन तासांचं काम पाच आठवड्यांचं होतं तसं.

पण नियामकाचा तो नकार मी आमच्या ट्रेनिंगमध्ये नेहमी सांगायचो. प्लांट जवळजवळ तयार, देशाची इभ्रत पणाला लागलेली, हजारो कोटींचा प्रश्न, आणि तरी नाही म्हणणारा कोणीतरी होता. तू विचारलंस ना तपासणी खरी असते का, तर ही खरी.

त्याच रिअॅक्टरच्या व्हेसलचं, म्हणजे ज्यात अणुइंधन असतं त्या पोलादी भांड्याचं, प्रकरण वेगळं आहे, ते स्टीलचं. मोठा इनगॉट, म्हणजे स्टीलचा ठोकळा, ओतला की तो बाहेरून आत थंड होत जातो, वरचा मधला भाग सगळ्यात शेवटी गोठतो आणि तिथे कार्बन जमा होतो. तो भाग कापून टाकायचा असतो. पुरेसा कापला नाही तर तयार झाकणाच्या मधोमध जास्त कार्बनवालं, म्हणजे कमी टफ स्टील राहतं. क्रुझो फोर्ज या फ्रेंच कारखान्यात बनलेल्या वरच्या झाकणाचं आणि तळाचं असंच झालं. कार्बन ०.२२ टक्क्याच्या वर नको होता, तसंच बनवलेलं दुसरं झाकण कापून बघितलं तर ०.३० निघाला, आणि इम्पॅक्ट टेस्टला ६० ज्यूल पाहिजेत तिथे सरासरी ५२ आणि काही नमुने ३६ पर्यंत. आता तारखा लक्षात घे. हे तुकडे फोर्ज झाले २००६-०७ च्या सुमाराला. व्हेसल जागेवर बसवलं जानेवारी २०१४ मध्ये. आणि ही चाचणी झाली २०१४ च्या शेवटी, जाहीर झालं एप्रिल २०१५ मध्ये. व्हेसल बसल्यावर चाचणी! मग पुढची दोन-अडीच वर्षं हे आहे ते स्टील पुरेसं आहे का हे सिद्ध करण्यात गेली, आणि शेवटी तळ तसाच ठेवायला आणि झाकण पुढे बदलायचं या अटीवर वापरायला परवानगी मिळाली. त्यांनी केलेला तांत्रिक अभ्यास मी कमी लेखत नाही, तो भक्कम होता. पण 'आहे तसं वापरू' हा निर्णय वस्तू कारखान्यात असताना घेणं आणि ती चारशे टनांची वस्तू खड्ड्यात बसल्यावर घेणं यात निर्णय घेणाऱ्याच्या मनावरचं ओझं वेगळं असतं, हे कोणीही साइटवर काम केलेला माणूस सांगेल.

त्यानंतर क्रुझोच्या जुन्या फाइल काढून बघितल्या तर २०१६ मध्ये सुमारे ४०० फाइलींमध्ये गडबड असल्याचं कंपनीने स्वतः जाहीर केलं, पार १९६० च्या दशकापासूनच्या. त्यामुळे फ्रान्समधल्याच फेसेनहाइम प्लांटचं दुसरं युनिट, जे अनेक वर्षं चालू होतं, ते २०१६ ते २०१८ बंद ठेवावं लागलं, कारण त्याच्या एका स्टीम जनरेटरचा भाग फाइलमध्ये लिहिल्यासारखा नव्हता.

कागद खोटा असण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण मात्र दक्षिण कोरियाचं. तिथे २०१२ मध्ये बाहेर आलं की पार्ट्सची क्वालिटी सर्टिफिकेट बनावट आहेत, हानबिट प्लांटची दोन युनिट बंद करावी लागली. मे २०१३ मध्ये त्याहून वाईट निघालं, कंट्रोल केबलचे टेस्ट रिपोर्टच खोटे. या केबल अपघाताच्या वेळच्या उष्णतेत आणि वाफेत टिकल्या पाहिजेत, त्याची चाचणी असते, त्यात त्या पास झाल्याच नव्हत्या आणि रिपोर्ट बदलला गेला. चालू युनिट थांबवली, बांधकाम चालू असलेल्या शिन-कोरी ३ आणि ४ मधल्या ओढलेल्या केबल परत काढून नव्या टाकल्या, ऑक्टोबर २०१३ पर्यंत १०० लोकांवर खटले. ज्याने केबलचं कंड्युइट-ट्रेचं काम बघितलंय त्याला कळेल की ओढलेल्या शेकडो किलोमीटर केबल काढणं म्हणजे काय.

यातून तुझ्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. सर्टिफिकेट सप्लायरच्या हातून आलं असेल तर ते सप्लायरचं म्हणणं आहे, एवढंच समज. लॅबला स्वतः मेल टाक, रिपोर्ट नंबर विचार. सळईचा एमटीसी (कारखान्याचं चाचणी सर्टिफिकेट) बघतोस तेव्हा हीट नंबर (स्टील कुठल्या ओतीतलं त्याचा नंबर) बंडलच्या टॅगवर जाऊन जुळव, ऑफिसात बसून फाइलशी फाइल जुळवू नकोस. प्लेट कापायच्या आधी हीट नंबर दुसऱ्या तुकड्यावर पंच झालाच पाहिजे, कापल्यावर "हा त्याचाच" असं सांगणारा माणूस कितीही प्रामाणिक असला तरी तो तुकडा बेवारस झाला.

ओल्किलुओतोचं थोडक्यात सांगतो. तिथेही ईपीआरच, काम २००५ ला सुरू, २००९ ला संपायचं होतं, नियमित वीज मिळाली एप्रिल २०२३ मध्ये. पहिलीच ठेच पायाच्या काँक्रीटला, मिक्समधलं पाण्याचं प्रमाण ठरल्याप्रमाणे राहिलं नाही. दुसरी ठेच कंटेनमेंटच्या स्टील लायनरला, म्हणजे आतल्या अस्तराला, जो पोलंडमधल्या उपकंत्राटदाराकडे बनत होता. फिनलंडच्या नियामकाने, स्टुकने, २००६ मध्ये चौकशी करून लोकांसमोर रिपोर्ट ठेवला आणि त्यात मुख्य मुद्दा काँक्रीट किंवा वेल्डिंग हा नव्हताच. मुद्दा होता की ज्यांनी आधी न्यूक्लियर काम केलं नाही अशा उपकंत्राटदारांना या कामात वेगळं काय आहे हे निविदेच्या वेळी नीट सांगितलंच गेलं नाही. त्यांनी आपल्या नेहमीच्या कामाचा भाव भरला, काम मिळालं, आणि मग साइटवर कागद, होल्ड पॉइंट (मंजुरीशिवाय पुढे जाता येत नाही असे टप्पे), परत परत तपासणी बघून ते हबकले. तू फ्लायओव्हरवरून येतोयस, तुलाही पहिले तीन महिने असंच वाटणार आहे की हे लोक एवढ्याशा गोष्टीवरून काय अडवतात. तुला तसं वाटलं तर तुझ्या हाताखालच्या मुकादमाला किती वाटत असेल. म्हणून स्लंप (काँक्रीट किती पातळ आहे त्याचं माप) १० एमएम जास्त आला म्हणून गाडी परत का पाठवायची हे त्याला समजावून सांगायचं काम तुझं आहे, नुसती गाडी परत पाठवायची नाही.

आता घराजवळचं. कैगा, कारवारहून फार लांब नाही, काळी नदीच्या काठी, गोव्याच्या आणि सिंधुदुर्गच्या लोकांना नाव ओळखीचं आहे. १३ मे १९९४ ला युनिट १ च्या आतल्या कंटेनमेंटच्या घुमटाचं काँक्रीट खालच्या बाजूने सुटलं आणि सुमारे १३० टन खाली कोसळलं. प्लांट चालू नव्हता, त्यामुळे किरणोत्सर्गाचा काही प्रश्न नव्हता, पण खाली काम करणारी माणसं जखमी झाली. माझ्या पिढीच्या सिव्हिलवाल्यांच्या डोक्यावर त्या दिवसाने कायमचा ठसा उमटवला.

मी हे उदाहरण मुद्दाम देतोय कारण ते वेगळ्या जातीचं आहे. हा घुमट प्रीस्ट्रेस्ड असतो, म्हणजे काँक्रीटमधून वक्र जाणाऱ्या केबल ताणतात. वक्र केबल ताणली की ती आतल्या बाजूला दाबते, आणि दाबाखाली आलेलं वक्र काँक्रीट बाहेर फुगायला बघतं, या दोघांच्या मधे, नेमकं केबलच्या डक्टच्या (केबल जाते त्या नळीच्या) पातळीवर, काँक्रीटला जाडीच्या दिशेने ओढ बसते. त्याच पातळीवर डक्टमुळे काँक्रीट आधीच कमी असतं. त्या ओढीला धरून ठेवायला आडवी-उभी सळई कामाची नाही, जाडीच्या दिशेची लागते, आणि ती नसेल तर कांद्याचा पापुद्रा सुटावा तसा थर सुटतो. आता मला सांग, काँक्रीटची ताकद बघणाऱ्या क्यूब टेस्टने हे कसं कळणार? स्लंपने, कव्हरने, सळईच्या अंतराने? साइटवरच्या क्यूसीने सगळ्या चाचण्या इमानदारीने केल्या तरी यातली एकही चाचणी त्या प्रश्नाला हात घालत नाही. तो प्रश्न ड्रॉइंगवर विचारायचा असतो, डिझाइन तपासणाऱ्याने.

आणि तो प्रश्न नवा नव्हता. फ्लोरिडात टर्की पॉइंट ३ च्या घुमटात १९७० मध्ये असाच थर सुटला होता, क्रिस्टल रिव्हर ३ च्या घुमटात १९७६ मध्ये. म्हणजे कैगाच्या अठरा वर्षं आधी जगात हे दोनदा होऊन गेलं होतं. दुसऱ्याच्या साइटवरचा धडा आपल्या चेकलिस्टमध्ये येत नाही, हे मी आयुष्यभर बघत आलो. त्याच क्रिस्टल रिव्हरमध्ये २००९ मध्ये स्टीम जनरेटर बदलायला कंटेनमेंटच्या भिंतीला भोक पाडताना भिंतीतच थर सुटले, दुरुस्ती करायला गेले तर आणखी सुटले, आणि २०१३ मध्ये तो प्लांट कायमचा बंद केला.

कैगाच्या बाबतीत मात्र पुढे जे झालं त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. डिझाइन परत केलं, जाडीच्या दिशेची सळई दिली, घुमटासाठी एम६० दर्जाचं काँक्रीट विकसित केलं, मॉक-अप (आधी ओतून बघायचे नमुने) करून बघितले, त्याच डिझाइनच्या राजस्थानच्या युनिट ३ आणि ४ चंही काम थांबवून घुमट बदलला. युनिट २ आधी चालू झालं आणि युनिट १ नंतर, दोन्ही २००० साली. सहा वर्षं गेली, पण डागडुजी करून झाकलं नाही. मॉक-अप हा शब्द तुझ्या साइटवर ऐकशील तेव्हा त्याला वेळखाऊ प्रकार समजू नकोस, दाट सळईचा कोपरा असेल तर पूर्ण मापाचा मॉक-अप ओतून, कापून, आत बघणं यासारखी दुसरी खात्री नाही.

अमेरिकेतलं एक सांगून पुढे जातो. ओहायोतला झिमर प्लांट ९७ टक्के पूर्ण झालेला होता. तिथे हजेरीपत्रकातली चोरी शोधायला कंपनीने एक खासगी गुप्तहेर नेमला आणि त्याला चोरीबरोबर खराब वेल्ड सापडले. नंतर नियामकाच्या चौकशीत निघालं की क्यूसी इन्स्पेक्टरांना त्रास दिला जात होता, चुका लिहू नयेत म्हणून दबाव होता. १९८२ मध्ये काम थांबवलं, १९८४ मध्ये प्रकल्प सोडून दिला आणि शेवटी त्याच जागेवर कोळशाचं वीजकेंद्र झालं. वेल्ड वाईट होते हे तर होतंच, पण त्याहून वाईट हे की कुठला वेल्ड चांगला आणि कुठला वाईट हे सांगणाऱ्या नोंदींवर कोणाचा भरवसाच उरला नाही. ९७ टक्के बांधकाम उभं आणि ते बरोबर आहे हे सिद्ध करता येत नाही.

झिमर, मार्बल हिल, मिडलँड अशी प्रकरणं एकापाठोपाठ झाल्यावर तिथल्या संसदेने अभ्यास करायला लावला, तो १९८४ मध्ये आला. त्यात कारण दिलं ते मालक कंपनीच्या व्यवस्थापनाचं आणि अशा कामाचा आधीचा अनुभव नसण्याचं. आणि २०१९ मध्ये फ्रान्स सरकारसाठी झाँ-मार्ताँ फोल्झ यांनी फ्लामानव्हिलचा जो रिपोर्ट दिला त्यात परत तेच, प्रकल्प चालवणारी व्यवस्था कमकुवत आणि विशेषतः वेल्डिंगमधलं कसब हरवलेलं. फ्रान्सने त्याआधीचा शेवटचा रिअॅक्टर १९९१ मध्ये बांधायला घेतला होता. सोळा वर्षांत चांगले वेल्डर रिटायर झाले आणि त्यांच्या हाताखाली कोणी तयार झालं नाही. पस्तीस वर्षांच्या अंतराने दोन देशांचं निदान एकच. आपल्याकडे या बाबतीत एक बरं आहे की स्वदेशी रिअॅक्टरचं काम कुठे ना कुठे चालूच राहिलं, तारापूर ३-४ वर तयार झालेली माणसं पुढच्या साइटवर गेली, हात रिकामे राहिले नाहीत.

घरच्यांना जैतापूरबद्दल काय सांगायचं? खरं ते सांग. तिथे १६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या प्रस्तावित आहेत त्या ईपीआरच, म्हणजे फ्लामानव्हिल आणि ओल्किलुओतोवाल्या जातीच्याच, तेव्हा त्यांची काळजी हवेतली नाही. उद्या काम सुरू झालं तर गावाने कुठले प्रश्न विचारावेत असं मला कोणी विचारलं तर मी सांगेन, एनसीआर किती निघाले आणि किती दिवसांत बंद झाले ते जाहीर करा, लायनर आणि वेल्डिंगचे उपकंत्राटदार कोण आणि त्यांचा आधीचा अनुभव काय ते सांगा, आणि काम थांबवायचा अधिकार साइटवर नेमका कोणाच्या हातात आहे ते सांगा. "सुरक्षित आहे" एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. एनसीआर शून्य असं कोणी अभिमानाने सांगितलं तर मला जास्त भीती वाटेल, एवढ्या मोठ्या कामात चूक होणारच नाही असं होत नाही, लिहिली जात नाही असं मात्र होतं.

तुझ्यापुरतं बोलायचं तर तुझा पगार आणि बढती ज्याच्या हातात आहे त्याच्याच हातात पोअरचं टार्गेट आहे का, हे जॉइन झाल्याबरोबर बघून घे. अमेरिकेच्या नियमावलीत १९७० पासून लिहिलंय की क्वालिटीवाला खर्च आणि वेळापत्रक यांच्या दबावापासून मोकळा असला पाहिजे, आपल्याकडच्या एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) कोडचाही रोख तोच आहे. कागदावर तुझी रिपोर्टिंग लाइन वेगळी असेलच, पण महिनाअखेरीला बिल निघायचं असतं तेव्हा कोणाचा फोन येतो त्यावरून खरं कळतं. असा फोन आला तर चिडू नको, वाद घालू नको, शांतपणे एनसीआर नंबर सांग आणि वेळ डायरीत लिही. डायरी स्वतःची ठेव, रोजची, पेनने. मला तिने दोनदा वाचवलंय.

आणि त्या रात्रीनंतर मी एक सवय लावून घेतली ती सांगतो. पोअर कार्डवर सही करायच्या आधी मी व्हायब्रेटरवाल्या पोरांना बोलावून घ्यायचो आणि त्यांच्यासमोर प्रत्येक अडचणीच्या जागी नीडल खालपर्यंत घालून दाखवायला लावायचो, जिथे जाणार नाही तिथे खडूने खूण, आणि खूण सुटेपर्यंत सही नाही. पहिल्या महिन्यात प्रॉडक्शनवाले वैतागले. नंतर नंतर मुकादमच दुपारी येऊन सांगायला लागले की साहेब, अमुक जागी आत्ताच बघून घ्या, रात्री बोंब नको. तुझ्या साइटवर नीडलच्या जागी दुसरं काही असेल, वेल्डिंग असेल, ग्राउटिंग असेल. पहिला पोअर झाला की काय काय अडलं ते लिही, साइटचं नाव न लिहिता, मी वाचून सांगतो.